दोन थाऊ सैल

कतारमधल्या दुखानच्या पॉवर हाऊसमधला मोठा पंखा १९५५च्या जुलैत बंद पडला तो माझ्यामुळे. शिक्षा झाली माझ्या मेहुण्याला. एवढंच सांगायला मी दोन वर्षं लावली, म्हणून आता आडवळणं न घेता सुरुवातीलाच सांगून टाकतो.

मी मुनाफ, रत्नागिरीजवळच्या कर्ल्याचा. बायको बाळंतपणातच गेली, तेव्हापासून गावात माझं घर म्हणजे धाकट्या बहिणीचं, जैतूनचं घर. धंद्यानं मी फिटर. मुंबईच्या गोदीत अकरा वर्षं बोटींची इंजिनं खोलली नि जोडली, मग बोटीनं बहारीन आणि तिथून लाँचनं कतार. तेलाच्या कंपनीत चांगल्या फिटरला मान होता, आणि मला तो जरा जास्तच चढला होता. साहेबानं एखादं अवघड काम दुसऱ्याला दिलं की मी दिवसभर फणफणत असायचो.

गोदीत माझे उस्ताद हमीदचाचा. तुम्ही एखादा भाग बसवला की ते येऊन अंगठ्यानं ढकलून बघत. हलला तर एक शब्द न बोलता पुन्हा सगळं खोलायला लावत आणि त्या दिवशी तुमच्या हातचा चहा घेत नसत. ते म्हणत, बसवलेली वस्तू हातानं हलली तर त्या दिवसाची मजुरी हराम. आम्ही सगळी कोकणातली पोरं, पाच वेळचा नमाज चुकवणारी, पण हे मात्र मनापासून पाळणारी. घट्ट काम म्हणजे हलाल काम, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की त्याला दुसरी बाजू असेल असं कधी वाटलंच नाही.

दिलावर हा जैतूनचा नवरा. आम्ही एकाच आळीतले, लहानपणापासून एकमेकांना अरेतुरे करणारे. त्रेपन्न साली मीच त्याला दुखानला आणला. पॉवर हाऊसमध्ये मशिनींना तेल-ग्रीस करायचं काम त्याला मिळालं. इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, हिंदीही मोडकीतोडकी. पण त्याचा हात अजब होता. चालत्या मशिनीवर तळवा ठेवून तो उष्णता सांगायचा, आणि त्याची मापं त्याची स्वतःची. तापलेलं कपाळ, चहाचा कप, आणि त्याच्या वर तवा. आमच्या मॅक्लीश साहेबानं एकदा थर्मामीटर लावून त्याची परीक्षा घेतली. चारही वेळा दिलावर बरोबर निघाला. साहेब हसला आणि म्हणाला, हा माणूस मला दे, थर्मामीटर तू ठेव. दिलावरला मी त्याचा अर्थ सांगितला तेव्हा तो लाजून तळवा पँटला पुसत राहिला.

आता पंख्याचं सांगतो. बॉयलरचा गरम धूर ओढून चिमणीत सोडणारा तो पंखा. त्याचा पोलादी शाफ्ट माणसापेक्षा लांब आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक बेअरिंग, परातीएवढं मोठं. बेअरिंगचं बाहेरचं कडं ज्या बिडाच्या पेटीत बसतं तिला हाऊसिंग म्हणतात. पेटी दोन भागांची, वरचं झाकण बोल्टनं आवळायचं. मे महिन्यात दोन्ही बेअरिंगं बदलायची होती आणि ते काम साहेबानं मलाच दिलं.

दोहाला जाण्यापूर्वी त्यानं मला नकाशा दाखवून नीट समजावलं होतं. धूर गरम, त्यामुळे शाफ्ट तापतो आणि तापला की लांबीला वाढतो, जवळजवळ एका नाण्याच्या जाडीएवढा. म्हणून एका टोकाचं बेअरिंग पेटीत पक्कं धरून ठेवायचं आणि दुसऱ्या टोकाचं थोडं सैल सोडायचं, म्हणजे शाफ्ट वाढला की ते कडं पेटीतल्या पेटीत सरकेल. किती सैल, तर दोन थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, डोळ्यांना न दिसणारा. ती पेटी कारखान्यातून तशीच कापून आली आहे, तिला हात लावू नकोस, असं त्यानं बजावलं. मी येस सर म्हटलं. कानांनी सगळं ऐकलं होतं.

मी शाफ्ट चेनब्लॉकच्या साखळीनं उतरवला, झाकण लावलं, बोल्ट आवळले. मग सवयीनं सैल टोकाच्या कड्याला दोन्ही अंगठे लावून ढकललं. ते हललं. फार नाही, पण अंगठ्याला कळेल इतकं. माझं डोकंच सणकलं. मनात आलं, हे साहेब लोक कागदावर मशिनी चालवणारे. माझ्या हातून असं लुळं काम बाहेर पडायचं? हमीदचाचा मुंबईला होते, तरी मला ते माझ्या मागे उभे आहेत असं वाटलं.

बाकीचे दुपारच्या जेवणाला गेले होते. मी झाकण काढलं, शाफ्ट पुन्हा उचलला, टोकदार पोलादी पंच आणि हातोडी घेतली आणि पेटीच्या आतल्या गुळगुळीत अंगावर ठिपके मारत गेलो, पाट्याला टाकी लावावी तसे. प्रत्येक ठिपक्याच्या कडेला लोखंड किंचित वर येतं आणि कड्याला धरून ठेवतं. गोदीत झिजलेल्या जागेला आम्ही हाच इलाज करायचो. पुन्हा सगळं जोडलं नि अंगठ्यानं ढकललं. हललं नाही. मी समाधानानं हात धुतले आणि जेवायला गेलो.

जूनच्या मध्यावर दिलावर कँटीनमध्ये माझ्या शेजारी येऊन बसला. त्या टोकाचं बेअरिंग चहाच्या कपावर गेलंय, म्हणाला, दुसऱ्या टोकाचं अजून कपाळावरच आहे. मी म्हटलं, नवीन आहे, मुरेल हळूहळू, ग्रीस मार. त्यानं मारलं. आठ दिवसांनी तो पुन्हा आला, तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. आता हात ठेववत नाही, साहेबाला सांगू या का, असं त्यानं विचारलं. माझ्या कामातली खोट माझ्याच मेहुण्यानं साहेबासमोर काढायची, हे मला सोसण्यातलं नव्हतं. मी त्याच्यावर डाफरलो. तू फिटर की मी, ग्रीस मार म्हटलं ना.

जास्त ग्रीसनं बेअरिंग आणखी तापतं, हे मला ठाऊक होतं. शाफ्टला वाढायला जागा उरलेली नाही, हेही तोवर मनात कुठेतरी आलं होतं. पण ते मान्य करायचं म्हणजे पंखा थांबवायचा, पेटी उघडायची आणि ते ठिपके साहेबाला दाखवायचे. त्यापेक्षा मी त्या टोकाकडे जाणंच बंद केलं.

जुलैच्या नऊ तारखेला सकाळी दहाच्या सुमाराला तो आवाज झाला. बेअरिंग फुटलं, शाफ्ट अडकला, पंखा थांबला आणि बॉयलर विझवावा लागला. ऐन उन्हाळ्यात साऱ्या कँपची वीज तीन दिवस गेली.

साहेब दोहाला फोन लावत होता. त्यानं मला लांबूनच खूण केली, उघड म्हणून. मी झाकण काढलं. माझे ठिपके चकचकीत होऊन माझ्याकडे बघत होते आणि फुटलेल्या कड्याच्या पाठीवर त्यांचे जोडीदार खड्डे उमटले होते. मी स्क्रेपर घेतला, पॉलिश पेपर घेतला आणि पेटीचं अंग घासून साफ केलं. कड्याचे तुकडे भंगाराच्या पिंपात तळाशी टाकले. त्या वीस मिनिटांत माझे हात जितक्या सफाईनं चालले तितके आयुष्यात कधी चालले नसतील. मग मी साहेबाला हाक मारली.

पेटीच्या कोपऱ्यांत काळं ग्रीस अजून ठासून भरलेलं होतं. साहेबानं बोटावर घेऊन ते बघितलं आणि दिलावरला ऑफिसात बोलावलं. दिलावरला इंग्रजी येत नाही म्हणून दुभाष्या मीच. साहेबानं विचारलं, एवढं ग्रीस कुणी भरलं आणि कुणाला विचारून भरलं. मी ते मराठीत सांगितलं. दिलावरनं माझ्या बुटांकडे बघत विचारलं.

"मुनाफभाई, मी तुला दोनदा बोललो व्हतो. तां साहेबाला सांगू काय?"

त्या खोलीत आमची भाषा आम्हा दोघांखेरीज कुणालाच येत नव्हती. साहेबाचा प्रश्न पुन्हा समजावून सांगतोय अशा आवाजात मी म्हटलं, "नको."

त्यानं मान हलवली. "मंग सांग, मी ग्रीस मारलं."

मी साहेबाकडे वळून सांगितलं की ग्रीस त्यानं मारलं आणि स्वतःच्या मनानं मारलं. ‘स्वतःच्या मनानं’ हे दिलावर बोललाच नव्हता. ते मी घातलं. माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या तोंडी मी ते घातलं आणि माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.

बाहेर आल्यावर त्यानं मला विचारलं, खरंच ग्रीसनं जळालं का. तेव्हा तरी मला बोलता आलं असतं. मी म्हटलं, मार म्हटलं होतं, एवढं मार म्हटलं नव्हतं. त्यानं आपला तळवा उलटासुलटा करून बघितला. तो तळवा मी अजून विसरलेलो नाही.

आठवड्याभरात त्याला काढल्याचे कागद झाले. धक्क्यावर त्याला सोडायला मी गेलो होतो. लाँचमध्ये चढताना त्यानं माझ्याकडे एकच मागणं मागितलं. मशीन जाळली म्हणून काढलं, हे जैतूनला कळू नये. तो घरी सांगणार होता की हवा मानवली नाही. मी कबूल झालो. असला सौदा करताना मला जड जायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

नवीन बेअरिंग बसवताना साहेब माझ्या शेजारी उभा राहिला. त्यानं पेटीच्या आत बोट फिरवलं, बराच वेळ फिरवलं, मग माझ्याकडे बघून दोन थाऊ सैल एवढंच म्हणाला. मी तसंच ठेवलं. पंखा चालू झाल्यावर शाफ्टच्या टोकाशी मी खडूची रेघ मारली होती. तीन तासांत ती रेघ पेटीपासून नाण्याच्या जाडीएवढी सरकली. पंखा थांबवला की हळूहळू जागेवर परत यायची. पुढे रोज मी त्या पेटीवर हात ठेवायचो. कपाळाच्या वर ती कधी गेली नाही, आणि दर वेळी मला वाटायचं, एवढंच करायचं होतं.

सत्तावन्न साली मी सुट्टीवर गेलो तो सगळं सांगायचं असं ठरवूनच. जैतून दारातच रडली. तांदळाची भाकरी, बांगड्याचं सालन, वालाची भाजी, रोज काहीतरी वेगळं. दिलावर बंदरावर नारळ सोलायच्या कामाला जात होता. कतारहून परतलेला मशिनीवाला म्हणून भाताच्या गिरणीच्या रहमानशेठनी त्याला तीनदा बोलावलं होतं. तो गेला नव्हता.

एका दुपारी जैतून शिवणाच्या मशीनवर बसली होती आणि मशीन जड चालत होती. तिनं दिलावरला जरा तेल सोडा म्हटलं. त्यानं तेलाची बुधली उचलली, मशीनजवळ नेली, मग खाली ठेवली आणि बाहेर निघून गेला. जैतून मला हळू आवाजात म्हणाली की हे असंच चाललंय, माझ्या हातानं मशीन जळते म्हणतात, भाई, तिथे काय झालं होतं ते तरी सांग. मी म्हटलं, काही नाही, उन्हाचा त्रास झाला होता.

मी एकवीस दिवस त्या घरात राहिलो. रोज सकाळी म्हणायचो, आज सांगतो. पण दुपारी ताट समोर यायचं, दिलावर माझ्या ताटात स्वतः माशाचा तुकडा वाढायचा, आणि माझी हिंमत खचायची. माझ्या नावाला बट्टा लागेल ही भीती आता राहिलीच नव्हती. हे एक घर जाईल, ही भीती होती. निघताना जैतून म्हणाली, साहेबाला सांगून ह्यांना परत घे. मी इन्शाल्ला म्हटलं आणि एसटीत बसलो. त्यासारखी लाज मला दुसऱ्या कशाची वाटली नाही.

दुखानला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी मी मॅक्लीश साहेबासमोर उभा राहिलो आणि पंच, ठिपके, स्क्रेपर, दुभाष्याचं काम, सगळं एका दमात सांगितलं. माझं झाल्यावर त्यानं टेबलाचा खण ओढला आणि कड्याचा एक तुकडा काढून माझ्यासमोर ठेवला. बोटभर रुंद, पाठीवर तीन खड्डे. दोन वर्षांपूर्वी त्यानं स्वतः भंगाराचं पिंप उलटं करून बघितलं होतं.

"मला तेव्हाच माहीत होतं," तो म्हणाला. "ग्रीसवाला मला दुसऱ्या दिवशी मिळतो, मुनाफ. फिटर मिळायला सहा महिने लागतात. आणि तू हे पुन्हा करणार नव्हतास."

दिलावरला परत घ्या, असं मी म्हटलं. ती फाईल बंद झाली आहे, असं त्यानं सांगितलं आणि मला कामावर जायला सांगितलं. तो तुकडा मी उचलला, त्यानं अडवलं नाही.

दोन दिवस मी साहेबावर धुमसत राहिलो आणि ते मला बरं वाटलं. दोषाचा अर्धा वाटा घ्यायला कुणीतरी मिळालं होतं. तिसऱ्या दिवशी तेही सरलं. साहेबानं जे केलं ते केलं, पण ‘नको’ मी म्हटलं होतं, मराठीत. आणि ज्या माणसाला कबुली द्यायची होती तो दुखानमध्ये नव्हताच. साहेबाला सांगणं सोपं होतं म्हणून मी आधी तिकडे गेलो होतो.

दिलावरला वाचता येत नाही. जैतून चौथीपर्यंत शिकलेली, म्हणजे पत्र तीच मोठ्यानं वाचणार. मी चार वेळा लिहिलं नि चार वेळा फाडलं, कारण दर वेळी त्यात हमीदचाचांची शिकवण आणि साहेबाची लबाडी येत होती. पाचव्यांदा थोडक्यात लिहिलं. आमच्याकडचा शफीक सुट्टीवर निघाला होता, त्याच्यासोबत पत्र आणि फडक्यात बांधलेला तो तुकडा पाठवला. पत्रात लिहिलं होतं की हा तुकडा बोटानं चाचपून बघ, हे खड्डे माझ्या पंचचे आहेत. साहेबानं सैल ठेव म्हणून सांगितलेलं मी घट्ट केलं आणि म्हणून ते जळालं. ग्रीस तू माझ्या सांगण्यावरून मारलंस आणि मी साहेबाला खोटं सांगितलं. तुझ्या हातानं दोन्ही वेळा खरं सांगितलं होतं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. अक्षर जैतूनचं, शब्द दिलावरचे. पत्र वाचून झाल्यावर आपण तुकडा हातात घेऊन बसलो होतो, असं त्यानं लिहवलं होतं. मग रहमानशेठच्या गिरणीत गेलो. तिथे शाफ्टच्या एका टोकाचं बेअरिंग तव्यावर गेलेलं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. ते उघडायला लावलं, पेटीत कुणीतरी पत्र्याची पट्टी कोंबली होती, ती काढली. आता चहाच्या कपाच्याही खाली आहे. रोज सकाळी तिथेच जातो. तुझ्यावर राग नाही असं बोललो तर खोटं होईल, पण मला माझा हात परत मिळाला.

त्याच्या खाली थोडी जागा सोडून जैतूननं स्वतःचं लिहिलं होतं.

"भाई, तू एकवीस दिवस माझ्या हातचं जेवलास. ह्यांनी तुझ्या ताटात वाढलं. माझ्या दारात कधी यायचं ते मी कळवीन, तोवर येऊ नको."

ते पत्र अठ्ठावन्न सालचं. आता बासष्ट चाललंय. सुट्टीवर गेलो की मी चुलत्यांकडे उतरतो. त्यांच्या पडवीत बसलं की गिरणीचा आवाज ऐकू येतो. मी कान देऊन ऐकतो. बेअरिंग ठीक चाललंय.